बर्फाची हमी छापू नका : महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा गावांतून हिवाळ्यात मनाली, सिमला आणि काश्मीरच्या सहली नेणाऱ्या लहानमोठ्या कंपन्यांचे मालक, ऑपरेशन्सची माणसं आणि सहलीचं पत्रक लिहिणारी मंडळी यांस

स.न.वि.वि.

मी टूर मॅनेजर आहे. कुठल्या एका कंपनीच्या पगारावर नाही. हंगामात तुमच्यापैकी ज्याचा फोन आधी येतो त्याची सहल नेतो. खाली नाव लिहिणार नाही, कारण येत्या डिसेंबरातही फोन यावा अशी इच्छा आहे. तुमचीही नावं घेणार नाही. एक तर मुद्दा एका कंपनीचा नाही. शिवाय तुमची पत्रकं शेजारी शेजारी ठेवली तर वरचा लोगो सोडून वेगळं काय आहे, हे मलाही चटकन सांगता येत नाही.

सगळ्या पत्रकांत एक पान सारखं असतं. 'दिवस चौथा : नाश्त्यानंतर सोलांग व्हॅली. शुभ्र बर्फात मनसोक्त खेळण्याचा आनंद.' शेजारी फोटो, त्यात लाल-पिवळे कोट घातलेलं कुटुंब एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकतंय. काहींनी त्यावर तिरका शिक्काही मारलेला असतो, 'स्नो गॅरंटी'. आणि पानाच्या अगदी तळाला, भिंग लावून वाचावं अशा अक्षरात, 'हवामानानुसार कार्यक्रमात बदल संभवतो'. वरची ओळ विक्रीवाल्याने लिहिलेली असते, खालची वकिलाने. चौथ्या दिवशी सकाळी या दोन ओळींच्या मधल्या जागेत मी उभा असतो, छत्री घेऊन.

कारण पाऊस पडत असतो.

जानेवारीत, मनालीत, पाऊस. आपल्या आषाढासारखा धो धो नाही. बारीक, चिवट, तासन्‌तास चालणारा. थर्मामीटर तीन-चार अंश दाखवत असतो. ठाण्याहून आलेल्या माणसाला ते हुडहुडी भरवणारं वाटतं, पण बर्फाच्या हिशेबात तीन-चार अंश म्हणजे चक्क उबदार हवा. माल रोडवर कडेला सारलेले मळकट ढीग त्या पावसात विरघळत असतात आणि लॉबीत पस्तीस माणसं कानटोप्या घालून माझ्याकडे बघत असतात. त्यांनी पैसे बर्फाचे भरलेले असतात.

हे का होतं, ते एकदा तुमच्याच कार्यक्रमपत्रिकेवर मांडून दाखवतो. विक्रीच्या टेबलावर बसणाऱ्या मुलामुलींनाही ते वाचायला द्या.

हिवाळ्यात पश्चिम हिमालयात जे काही पडतं ते बहुतेक पश्चिमेकडून येतं. पश्चिमी झंझावात म्हणतात तो हाच, पेपरात वाचलाच असेल. भूमध्य समुद्राच्या बाजूला उगम, मग इराण-अफगाणिस्तानवरून, उंचावरच्या वाऱ्याच्या झोताबरोबर इकडे. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात. काही नुसते ढग दाखवून जातात, काही दोन दिवस मुक्काम ठोकतात. तो आला की काहीतरी पडणार. मात्र काय पडणार, ते ठरतं उंचीवर आणि त्या दिवशीच्या हवेवर. वर ढगात बहुधा हिमकणच तयार होतात. खाली येताना जिथे तापमान शून्याच्या वर जातं तिथून ते वितळायला लागतात, आणि आणखी दोन-तीनशे मीटर उतरेपर्यंत त्यांचा पाऊस झालेला असतो. म्हणजे मनालीत तुमच्या गेस्टच्या छत्रीवर पडणारा थेंब थोडा वेळ आधी, डोक्यावर हजारभर मीटरवर, बर्फच होता.

आता उंच्या बघा. श्रीनगर १,५८५ मीटर. मनाली साधारण २,०५०. सिमला २,२००. मनालीच्या वरचं सोलांग अडीच हजारांच्या आसपास, काश्मीरचं गुलमर्ग २,६५०, सिमल्याजवळची कुफ्री त्याच्या थोडं वर. एक हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. उलट वाचलं तर हवा एका अंशाने तापली की बर्फाची रेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. दोन अंश म्हणजे तीनशे मीटर : मनालीच्या माल रोडवर पडायचा तो बर्फ सोलांगच्या वाटेवर जाऊन पडतो आणि मनालीला उरतो पाऊस. तुम्ही बर्फ म्हणून जी जी गावं विकता ती सगळी याच अकराशे मीटरच्या पट्ट्यात बसलेली आहेत. तुमचं सगळं दुकान नेमकं तिथे मांडलंय, जिथे दोन अंशांनी मालच बदलतो.

पूर्वी जानेवारीत मनालीत पाऊस पडतच नव्हता का? पडायचा. जुनी हॉटेलवाली मंडळी सांगतात, अधूनमधून पडायचाच. एका हिवाळ्यावरून हवामान बदललं असा डंका पिटणाऱ्यांतला मी नाही. पण गेली काही वर्षं नुसती ओळीने बघा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार महिना संपत येईपर्यंत उघडे होते. ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडक थंडीत, गेस्ट तपकिरी गवतावर फोटो काढत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच गुलमर्गला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या. त्या झाल्या ९ ते १२ मार्चला. तो फेब्रुवारी भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. त्याच हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयाच्या पट्ट्यात जमिनीवर टिकून राहिलेला बर्फ नेहमीपेक्षा २३.६ टक्के कमी होता, तेवीस वर्षांतला नीचांक. हा आकडा काठमांडूच्या 'इसिमोड' या संस्थेचा. आणि डोंगराच्या खालच्या पट्ट्यांतलं बर्फाचं आच्छादन घटत चाललंय, हे आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या, २०१९ च्या अहवालातही आहे. खालचा पट्टा म्हणजे कोणता? वर मोजून दाखवलाच आहे.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या ऑफिसात त्या एकत्र कालवल्या जातात. हिवाळा कोरडा जातो, तेव्हा गेस्ट हिरमुसतात. पैसे परत मागतात, गुगलवर एक तारा देतात, विषय संपतो. कोरड्या उताराने अजून कुणाचा जीव घेतलेला नाही. पण हिवाळा ओला असतो आणि बर्फाऐवजी पाऊस पडतो, तेव्हा गोष्ट निराळी होते, आणि माझं खरं म्हणणं त्याबद्दल आहे.

पावसाच्या दिवशी काय घडतं ते सांगतो, म्हणजे पत्रक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर येईल. सोलांगच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नंबर घातलेली कोट-बुटांची दुकानं आहेत. पाऊस असो नसो, दुकानदार कोट देतोच. त्याचाही हंगाम आहे. हे कोट कोरड्या बर्फासाठी ठीक असतात, झटकला की बर्फ खाली. पावसात त्यांचं अस्तर पाणी पितं. अर्ध्या तासात कोट अंगावरच जड होतो, लहान मुलांना तर पाय उचलता येत नाहीत. गमबुटात वरून शिरलेलं पाणी बाहेर पडायला जागाच नसते. वर मैदानात बर्फ असतो खरा, पण घोट्यापर्यंतचा पातळ चिखल झालेला, घोड्यांच्या खुरांनी तुडवलेला. स्लेजवाला ओढून ओढून थकतो. मक्याच्या कणसाची शेगडी ताडपत्रीखाली धुमसत असते. मग सगळे परत टेंपो ट्रॅव्हलरमध्ये बसतात, काचांवर वाफ धरते, ओल्या लोकरीचा वास येतो आणि मागच्या सीटवरून प्रश्न येतो, 'काय हो, अजून थोडं वर गेलं तर चांगला बर्फ मिळेल ना?'

मिळेल. घोटाळा तिथेच आहे.

अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून 'थोडं वर' ही फार सोपी गोष्ट झाली आहे. नऊ किलोमीटरचा बोगदा, तीन हजार मीटरच्या वर; पलीकडे लाहौल, तिथली सिस्सू, कोकसर ही गावं. एके काळी हिवाळाभर जगापासून तुटलेला मुलूख आता मनालीहून नाश्ता करून निघून दुपारच्या जेवणाला परत येण्याएवढा जवळ आला. मनालीत पाऊस असला की तिकडे हमखास बर्फ. त्यामुळे पावसाळी दिवसाचा तुमचा ठरलेला इलाज एकच : 'गेस्टना सिस्सूला घेऊन जा.' ऑफिसातून फोन येतो तो याच चार शब्दांचा.

आता त्या दिवशीच्या डोंगराकडे बघा. आधीच्या आठवड्यात साचलेला बर्फ उतारावर आहे. त्यावर पाऊस पडतोय. नुसतं पावसाचं पाणी फारसा बर्फ वितळवत नाही. ते काम दमट, उबदार वारा जास्त करतो. पण पाणी थरांमधून खाली झिरपतं, थरांची एकमेकांवरची पकड सुटते आणि वरचं वजन मात्र वाढतच असतं. आणखी वर जिथे बर्फच पडतोय, तिथे तो ओला आणि जड पडतोय, जुन्या थरावर ताजं ओझं चढतंय. हिमस्खलनासाठी याहून वाईट जुळणी शोधून सापडणार नाही. संध्याकाळी ढग फाटले की रात्री हेच सगळं पाणी रस्त्यावर गोठतं, आणि सकाळी डांबर कोरडं दिसतं, पण नसतं. त्यावर ब्रेक लागत नाही, गाडी नुसती वळत राहते.

थोडक्यात, ज्या दिवशी वर जायचं नाही, नेमक्या त्याच दिवशी वर जायचा दबाव सगळ्यांत जास्त असतो. आणि तो दबाव गेस्टनी आणलेला नसतो. तो तुमच्या पत्रकातून येतो. छापलेलं पान मोबाइलवर काढून लोक माझ्यासमोर धरतात, 'गॅरंटी लिहिलंय, हे बघा.' मी काय बघू?

तिथला ड्रायव्हर मात्र बघतो. माझ्या नेहमीच्या एका ड्रायव्हरचा नियम साधा आहे : बर्फावर बर्फ पडत असेल तर चाकांना साखळी लावून जाऊ, बर्फावर पाऊस पडत असेल तर 'साब, आज नहीं.' बस. हवामानशास्त्र त्याने कुठे शिकलेलं नाही, पण परिच्छेदभर मी वर जे लिहिलं ते त्याच्या तीन शब्दांत आहे. गंमत अशी की त्या तीन शब्दांची किंमत त्यालाच मोजावी लागते. 'स्नो पॉइंट'चे जादा पैसे फेरी झाली तर मिळतात. नाही म्हटलं तर फेरी दुसऱ्याला जाते. तिथे नवखा, घरचा हप्ता थकलेला, हो म्हणणारा कुणीतरी असतोच. तुमची हमी शेवटी तो पूर्ण करतो, स्वतःच्या आणि तुमच्या गेस्टच्या जिवावर.

हे सगळं माझ्या मनाचे खेळ वाटत असतील तर फेब्रुवारी २०२५ चा शेवट आठवा. मोठा झंझावात आला होता. तो उष्ण फेब्रुवारी संपता संपता कुल्लूत मुसळधार पाऊस झाला. नाले फुगले, चिखल-दगड बाजारात घुसले, उभ्या गाड्या वाहून गेल्या. जुलै-ऑगस्टमधल्या नव्हे, फेब्रुवारीतल्या बातम्या आहेत या. त्या वेळेला डोंगराच्या बऱ्याच भागावर बर्फ पडून एप्रिलपर्यंत तिथेच थांबायला हवा. पाऊस पडला की सगळं पाणी त्याच रात्री खाली येतं. आणि त्याच झंझावातात, २८ फेब्रुवारीच्या सकाळी, उत्तराखंडात बद्रीनाथच्या पुढे माणा इथे सीमा सडक संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळला. ५४ कामगार गाडले गेले, त्यातले आठ दगावले. ती माणसं हिवाळाभर डोंगरात राहून रस्ते उघडणारी होती. आपले गेस्ट कोण असतात? गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकू, दुसरीतला मुलगा आणि पहिल्यांदाच बर्फ बघणारे त्याचे वडील.

नुसता बर्फ पडला तरी काय होतं, तेही विसरू नका. डिसेंबर २०२४ च्या नाताळात सोलांग आणि अटल बोगद्याच्या रस्त्यावर शेकडो गाड्या अडकल्या, हजारो पर्यटकांना पोलिसांनी रात्री थंडीत खाली आणलं. त्या गाड्यांत मराठी बोलणारे किती होते, हे त्या आठवड्यात तुमच्याच ऑफिसात वाजलेल्या फोनवरून तुम्हाला माहीत आहे.

मग नाताळचाच हट्ट का, असं मी दर वर्षी विचारतो आणि दर वर्षी तेच उत्तर मिळतं : शाळेला सुट्टी असते. ते खरंच आहे. महाराष्ट्रातलं कुटुंब दिवाळीत, नाताळात किंवा मे महिन्यात निघतं. झंझावातांना आपल्या शाळांचं वेळापत्रक कुणी पाठवलेलं नाही. बर्फाचा खरा जोर जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी, तेव्हा इकडे सहामाही उलटून वार्षिक परीक्षेची तयारी. यात तुमचा दोष नाही. पण मग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या सहलीवर फेब्रुवारीतल्या गुलमर्गचा फोटो का? तो फोटो छापणं मात्र तुमच्या हातात आहे.

स्थानिकांबद्दल थोडं. आपल्याकडे 'बर्फ नाही म्हणजे घोडेवाल्याचं नुकसान' इथवरच विचार पोचतो. ते नुकसान आहेच. त्याहून मोठं नुकसान दिसत नाही. बर्फ हे डोंगरावर ठेवीत ठेवलेलं पाणी आहे. मार्च-एप्रिल-मेमध्ये ते हळूहळू मुरतं, झरे चालू राहतात. त्याऐवजी जानेवारीत पाऊस पडला तर ते महिन्याभरात नदीतून निघून जातं, आणि दोन्हीही नाही पडलं तर मग बोलायलाच नको. तुम्ही काश्मीरच्या सहलीत मुघल बागा दाखवता ना, त्यातल्या अनंतनागजवळच्या अचबलचा झरा फेब्रुवारी २०२५ मध्ये आटला. जहाँगीर-नूरजहाँच्या काळापासून ज्या पाण्यासाठी ती बाग आहे, ते पाणीच तेव्हा नव्हतं. आसपासची गावं त्याच झऱ्यावर पितात.

सफरचंदाचं तसंच. १९१६ च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी हिमाचलातल्या कोटगडला अमेरिकेतली डिलिशस जातीची झाडं लावली आणि हिमाचलचं अर्थकारण त्यावर उभं राहिलं. या जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची हजारभर तासांची थंडी लागते, तेव्हा कुठे वसंतात बहर नीट धरतो. उबदार पावसाळी हिवाळ्यात ते तास भरत नाहीत. म्हणून खालच्या बागा वर वर सरकताहेत, नाहीतर डाळिंब आणि इतर फळांकडे वळताहेत. रस्त्यात गाडी थांबवून गेस्ट ज्या बागेत फोटो काढतात, तिच्या मालकाला 'यंदा बर्फ पडला का' हा प्रश्न विचारताना जरा जपून विचारायला सांगा.

आणि हे फार लांबचं वाटत असेल तर निफाडला फोन लावा. मनालीवर काय पडायचं त्याची भानगड करणारा झंझावात कधी कधी दक्षिणेला इतका खाली वाकतो की समुद्रावरून येणारा बाष्पाचा ओघ त्याला इथेच, आपल्या डोक्यावर भेटतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट कोण विसरेल? नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागा झोडपल्या गेल्या, तोही अवकाळीच. तुमच्या गेस्टमध्ये द्राक्ष बागायतदार असतात. त्यांना हवामान समजावून सांगावं लागत नाही. एकदा पिंपळगावकडचे एक काका सकाळी लॉबीत आले, बाहेर बघितलं, मला म्हणाले, 'पश्चिमेचं आहे ना हे? मग आज राहू द्या.' आणि चहा मागवून बसले. बाकीच्या चौतीस जणांना समजावण्यात मला अख्खा नाश्ता गेला.

समजावलं की लोक ऐकतात, हे मात्र सांगायला हवं. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी कागदावर डोंगर काढतो, त्यावर उंच्या लिहितो, हवामान खात्याच्या सिमला केंद्राचा अंदाज वाचून दाखवतो. उद्या पाऊस आहे, म्हणून उद्या खालीच राहायचं, परवा बघू. दोघं-तिघं कुरकुरतात. बाकीचे विचारतात, मग उद्या काय करायचं? आणि याचं उत्तर तुमच्या पत्रकात नसतं. असायला काहीच हरकत नाही. नग्गरचा लाकडा-दगडाचा वाडा आणि वरच्या अंगाला रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांचं घर-चित्रदालन, पावसात तर अधिकच सुंदर दिसतं. देवदारांत उभं असलेलं १५५३ सालचं हिडिंबेचं देऊळ दहा मिनिटांत 'दर्शन झालं' म्हणून उरकायची जागा नाही. कुल्लूची शाल मागावर कशी उतरते ते बघायला तासभर बसलेल्या बायकांना मी बर्फाची आठवणही काढताना पाहिलेलं नाही. पण हे 'वेळ मिळाल्यास' या सदरात टाकलेलं असतं, म्हणून लोकांना ती शिक्षा वाटते.

तेव्हा माझं मागणं असं. पत्रकातून हमीचा शिक्का काढा. 'स्नो पॉइंट' लिहा, हरकत नाही, पण त्यापुढे मीटरमध्ये उंची लिहा आणि सरळ मोठ्या अक्षरांत छापा की इथे त्या दिवशी बर्फ, पाऊस किंवा कोरडं ऊन, यांपैकी काहीही मिळू शकतं. गेस्टला चालतं. केरळची सहल विकताना 'पाऊस पडू शकतो' म्हणता तेव्हा कोण बुकिंग रद्द करतं? पावसाचा दिवस आधीच आखून ठेवा, ओळीत दुसरा पर्याय म्हणून नव्हे, चौथ्या दिवसाचा तितकाच सजवलेला दुसरा चेहरा म्हणून.

सगळ्यांत महत्त्वाचं, वर जायचं की नाही याचा शेवटचा शब्द त्या गावात उभ्या असलेल्या माणसाचा असू द्या. ऑफिस दादरला, नाहीतर डेक्कनला. खिडकीबाहेर तिकडे ऊन असतं. डीजीआरई ही संरक्षण संशोधन खात्याची संस्था जिल्हावार हिमस्खलनाचे इशारे काढते, हवामान खात्याचे रंगीत इशारे रोज येतात. नारिंगी किंवा लाल इशारा असेल, किंवा आधीच्या बर्फावर पाऊस चालू असेल, तर सहल वर जाणार नाही, हा नियम कागदावर आणा. त्या दिवशी टूर मॅनेजरचं मानधन कापलं जाणार नाही आणि ड्रायव्हरला न झालेल्या फेरीचेही पैसे मिळतील, हेही त्याच कागदावर. खर्च किती? एका गाडीची एका दिवसाची 'स्नो पॉइंट'ची रक्कम. तुम्ही पहिल्या दिवशी वाटता त्या टोप्या आणि बॅगांपेक्षा जास्त नाही.

सिस्सूच्या बाबतीत एक पोटमागणी. तिथल्या ग्रामस्थांनी देवकार्यासाठी जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आपला परिसर पर्यटकांना बंद ठेवण्याचा पायंडा पाडला आहे. या काळात गाव देवाचं, गोंगाट नको, असं त्यांचं म्हणणं. तरी त्या तारखांना सिस्सूची नावं घालून पत्रकं निघतात आणि मग बोगद्याच्या तोंडाशी हुज्जत घालायला मी. आधी तारखा विचारा, मग छापा.

काही जण म्हणतील, आम्ही हमी काढली आणि शेजारच्याने ठेवली तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल. जाईलही, पहिल्या वर्षी. म्हणूनच हे पत्र एकाला नाही, सगळ्यांना लिहिलं आहे. सहल व्यावसायिकांच्या तुमच्या संघटना आहेत, तिथे विमानभाड्यांवर आणि जीएसटीवर तास तास चर्चा होतात. येत्या बैठकीत हा विषय घ्या. डिसेंबरच्या सहलींची पत्रकं गणपतीच्या आसपास छापायला जातात. त्याआधी ठरलं तर यंदाच लागू करता येईल. मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो. ज्यांच्याकडून मला हंगामात फोन येतो त्यांच्याकडे माझा नंबर आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक टूर मॅनेजर